दारू सोडताना मोबाइलचा उपयोग: कुठे आणि कधी

"डॉक्टर, दारू सोडण्यासाठी एखादं चांगलं अ‍ॅप सांगा ना." गेल्या चार-पाच वर्षांत हा प्रश्न दवाखान्यात वरचेवर येऊ लागला आहे. पूर्वी लोक गोळी मागायचे, त्याच्याही आधी कुणीतरी सांगितलेली पुडी. विचारणारा बहुधा तिशी-चाळिशीतला असतो. रक्तदाबासाठी किंवा लिव्हरचा रिपोर्ट दाखवायला आलेला असतो आणि उठता उठता, दाराला हात लावून विचारतो. कधी त्याची बायको विचारते, तो बाहेर चपला घालत असताना.

माझ्या काही सहकारी डॉक्टरांचे यावरचे उत्तर ठरलेले असते, "असल्या खेळण्यांनी दारू सुटत नसते." मला ते पटत नाही. "घरबसल्या, कुणालाही न कळता, एकवीस दिवसांत मुक्ती" ही जाहिरातही मला पटत नाही, कारण तिच्यातला एक भाग जिवावर बेतू शकतो. माझे मत आधीच सांगून टाकतो. दारू थांबवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात मोबाइलवर विसंबू नका. त्यापुढच्या महिन्यांत आणि वर्षांत मात्र त्याचा करता येईल तितका उपयोग करा.

आधी पहिल्या आठवड्याबद्दल, कारण धोका तिथे आहे.

आपल्याकडे दारू सोडण्याचा सर्वांत मोठा सार्वजनिक मुहूर्त म्हणजे श्रावण. गटारीच्या रात्री भरपूर पिऊन दुसऱ्या दिवसापासून बंद. उत्तन, वसईकडची ख्रिस्ती मंडळी उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, असेच करतात. बहुतेकांना काही त्रास होत नाही. पण जो माणूस अनेक महिने रोज पीत आला आहे, सकाळी उठल्यावर हात थरथरतात म्हणून थोडी घेऊन मग कामाला लागतो, त्याने एकदम बंद केली तर काय होते ते समजून घ्या.

दारू मेंदूचे काम मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू हा दाब सहन करण्यासाठी स्वतःला जास्त उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू अचानक काढून घेतली की दाब जातो, उत्तेजना मात्र तशीच राहते. शेवटच्या पेगनंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप न येणे सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. माणूस वेळ-काळ विसरतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, कुणी मारायला आले आहे असे वाटून तो पळत सुटतो, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस यात दगावू शकतो. घरच्यांना वाटते, कुणीतरी काही केले किंवा "दारू डोक्यात गेली". प्रत्यक्षात दारू डोक्यातून निघून गेल्याचा हा परिणाम असतो.

हाच प्रकार हाडाच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी भरती झालेल्या रुग्णात तिसऱ्या दिवशी दिसतो, कारण रोज किती पितो हे त्याने सर्जनला सांगितलेलेच नसते. ऑपरेशनपूर्वी खरे सांगा. आम्हाला त्याचे काही वाटत नाही.

तेव्हा जो रोज पितो, सकाळी घेतल्याशिवाय ज्याचे हात स्थिर होत नाहीत, ज्याला पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती किंवा भ्रम झाला होता, ज्याला लिव्हरचा, हृदयाचा आजार किंवा मधुमेह आहे, ज्याचे वय साठीपुढे आहे, त्याने दारू थांबवण्याआधी डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटावे. व्हिडिओ कॉलवर नाडी हाताला लागत नाही, पोटातले पाणी समजत नाही, ग्लानी किती आहे ते नीट कळत नाही. या काळात द्यायची शामक औषधे मात्रा ठरवून, रोज थोडी थोडी कमी करत द्यावी लागतात. ती स्वतःच्या मनाने घेतली तर दारूच्या जागी त्यांचीच सवय लागते आणि दारूसोबत घेतली तर श्वास मंदावतो. बी-१ हे जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, इंजेक्शनने द्यावे लागते, आणि ग्लुकोजची बाटली लावण्याआधी द्यावे लागते. ते न दिल्यास स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. "अशक्तपणा आलाय, एक सलाइन लावा" म्हणून कुठेही सलाइन लावून घेऊ नका, हे सांगण्याचे कारण हेच.

फिट, भ्रम, ताप, रक्ताची उलटी यांपैकी काहीही झाले तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठा. अ‍ॅपमधल्या समुपदेशकाच्या उत्तराची वाट पाहू नका.

श्रावणाबद्दल आणखी एक. "मी महिनाभर बंद ठेवतो, म्हणजे मी व्यसनी नाही," हा युक्तिवाद मी शेकडो वेळा ऐकला आहे. महिनाभर बंद ठेवता येणे ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र त्या महिन्यात तो दिवस मोजत असेल आणि श्रावण संपल्या संध्याकाळी कुठे बसायचे हे आधीच ठरलेले असेल, तर त्या युक्तिवादात फारसा दम नाही.

आता दुसरी बाजू. मोबाइलवरून काही साधते का?

व्यसनमुक्तीतली सर्वांत मोठी चळवळ सुरूच मुळी एका टेलिफोनने झाली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअर दलाल हॉटेलात अडकला होता. धंद्याचा व्यवहार फिसकटलेला, पाच महिन्यांपूर्वी सोडलेली दारू समोरच्या बारमधून खुणावणारी. बारकडे जाण्याऐवजी तो हॉटेलच्या टेलिफोनकडे वळला, चर्चच्या यादीतले नंबर फिरवू लागला आणि "मला दुसऱ्या एखाद्या दारुड्याशी बोलायचे आहे" अशी विचारणा करत राहिला. त्यातून गाठ पडली ती बॉब नावाच्या एका सर्जनशी. डॉक्टर बॉब यांनी शेवटचा पेला १० जून १९३५ रोजी घेतला आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एएचा स्थापना दिवस मानला जातो. भारतात एए १९५७ पासून आहे. तलफ आलेल्या माणसाने बारऐवजी फोनकडे जाणे हा उपाय त्यामुळे नव्वद वर्षे जुना आहे. झूम मीटिंग ही त्याचीच पुढची आवृत्ती.

महाराष्ट्रात व्यसनमुक्ती म्हटले की पुण्याचे मुक्तांगण आठवते. २९ ऑगस्ट १९८६ रोजी ते सुरू झाले, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांच्या कष्टांतून आणि पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळातून. आपल्या बाजूला फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्यात सुरू केलेले कृपा फाउंडेशन आहे. या संस्थांमध्ये राहून आलेल्या लोकांना विचारा. तिथले दिवस कठीण नसतात, असे ते सांगतात. आखीव दिनक्रम असतो, सोबती असतात, दारू समोर नसते. कठीण असतो तो घरी परतल्यानंतरचा पहिला पगार, पहिले लग्न, पहिली होळी. संस्था पुण्यात किंवा वांद्र्यात, माणूस भाईंदरला. पाठपुरावा इथेच तुटतो. २०२० च्या टाळेबंदीत एएच्या मीटिंग व्हिडिओवर आल्या, अनेक संस्थांनी समुपदेशन फोनवरून चालू ठेवले, आणि साथ ओसरल्यावरही यातले बरेच काही टिकले, ते या तुटलेल्या जागी उपयोगी पडते म्हणून.

किती उपयोगी पडते? अमेरिकेत निवासी उपचार संपवून घरी जाणाऱ्या ३४९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१४ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत एक स्मार्टफोन दिला होता. त्यातल्या अ‍ॅपमध्ये तलफ आल्यावर दाबायचे एक बटण होते, आणि माणूस स्वतःच जोखमीची म्हणून नोंदवलेल्या ठिकाणाजवळ गेला तर फोन त्याला सावध करायचा. फोन मिळालेल्या गटात महिन्यातले जास्त पिण्याचे दिवस सरासरी १.३९ होते, दुसऱ्या गटात २.७५. म्हणजे जवळपास निम्मे. पण हे लोक आधी प्रत्यक्ष उपचार घेऊन आलेले होते आणि त्या अ‍ॅपमागे समुपदेशक होते, ही गोष्ट जाहिरातदार सांगत नाहीत.

नुसतेच संकेतस्थळ किंवा अ‍ॅप, मागे माणूस नाही, अशांचे काय? २०१७ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्कर्ष असा की जास्त पिणाऱ्यांचे पिणे आठवड्याला सरासरी २३ ग्रॅम अल्कोहोलने कमी झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर आठवड्यातून एक नाइंटीही नाही. ज्याचे पिणे नुकते वाढू लागले आहे त्याच्यासाठी हे बरे आहे. रोज क्वार्टर संपवणाऱ्यासाठी पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, ब्राझील, मेक्सिको आणि बेलारूस या चार देशांत असाच एक ऑनलाइन कार्यक्रम करून पाहिला. भारतातले काम दिल्लीच्या एम्सने केले. तिथेही पिणे कमी झाल्याचे दिसले, पण मध्येच सोडून देणारे पुष्कळ निघाले. मोबाइलवरच्या सगळ्याच गोष्टींचे हे दुखणे आहे. डाउनलोड करायला एक मिनिट लागते, काढून टाकायला त्याहून कमी.

मला सर्वांत बोलका वाटतो तो गोव्यातला अभ्यास. संगाथ या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत दारूचा त्रास होऊ लागलेल्या पुरुषांना निवडले. त्यांच्याशी बोलायला मनोविकारतज्ज्ञ नेमले नाहीत. गावातल्याच साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांनी मोजक्या भेटींत समुपदेशन केले. तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी ४२ टक्के लोक आधीच्या चौदा दिवसांत अजिबात प्यायले नव्हते, न मिळालेल्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. २०१७ मध्ये 'लॅन्सेट'ने हा अभ्यास छापला. अतितीव्र व्यसन असलेले लोक यात नव्हते, हे लक्षात ठेवायला हवे. पण यातून मला एवढे नक्की दिसते की काम करते ते नीट शिकलेल्या माणसाचे बोलणे, आणि बोलणे फोनवरूनही पोहोचते. म्हणून अ‍ॅप निवडताना रंग, चित्रे, बक्षिसे पाहू नका. त्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस आहे का, तो कोण आहे, ते पाहा.

बहुतेक अ‍ॅप पहिल्याच पानावर विचारतात, दिवसाला किती 'ड्रिंक'? इथे आपल्याकडची गडबड सुरू होते. एक प्रमाणित ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आपला माणूस "रोज एकच क्वार्टर, डॉक्टर" म्हणतो आणि अ‍ॅपमध्ये १ भरतो. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे सहा ड्रिंक. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची बाटली म्हणजे चार. "मी दारू पीत नाही, फक्त बिअर पितो" म्हणणाऱ्याने रोज दोन बाटल्या घेतल्या तर तो क्वार्टरवाल्याच्या पुढे गेला. (महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना 'आरोग्य राखण्यासाठी' दिला जातो, असे त्यावर लिहिलेले असते. माझ्या व्यवसायाचा यात काहीही हात नाही.) हे आकडे नीट भरले तरच ऑडिट ही जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची चाचणी खरे उत्तर देते. ४० पैकी ८ किंवा जास्त गुण आले तर पिणे धोक्याचे, २० च्या वर गेले तर आपणहून एकदम बंद न करता डॉक्टरांकडे जावे. ही चाचणी इंटरनेटवर मोफत मिळते आणि ऑनलाइन साधनांतली मला सर्वांत उपयुक्त वाटणारी गोष्ट तीच आहे.

आता आपल्या गावाबद्दल. मीरा रोड, भाईंदरचा नोकरदार माणूस सकाळी लोकल पकडतो आणि रात्री साडेनऊला दमून उतरतो. संध्याकाळी सातची मीटिंग, मग ती कितीही चांगली असली तरी, त्याच्यासाठी अस्तित्वातच नसते. स्टेशनबाहेरचा बार मात्र त्याच्याच वेळेला उघडा असतो. रात्री दहाची ऑनलाइन मीटिंग या माणसाला जमते. एकाच खोलीत पाच माणसे असली तर गच्चीवर किंवा सोसायटीच्या बागेत, कानात इअरफोन घालून जमते. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांसाठी, रिक्षा आणि टॅक्सी चालवणाऱ्यांसाठी तर दिवसाच्या कुठल्याही वेळी, कुठल्या ना कुठल्या शहरातली मीटिंग चालू असते, हिंदीत किंवा मराठीत.

स्त्रियांसाठी हा फरक आणखी मोठा आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. प्रमाण लहान असले तरी लाज कैकपट. मुक्तांगणने स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग काढला तो उगीच नाही. पुरुषांनी भरलेल्या मीटिंगमध्ये जाऊन बसणे आपल्याकडच्या बाईला जवळजवळ अशक्य असते. कॅमेरा बंद ठेवून फक्त ऐकणे शक्य असते. दोन-तीन महिने नुसते ऐकून मग एक दिवस पहिल्यांदा बोलणाऱ्या स्त्रिया मला माहीत आहेत.

त्याच सर्वेक्षणातला आणखी एक आकडा. दारूचे व्यसन जडलेल्या ३८ जणांपैकी एकाला काही ना काही उपचार मिळतो. सदतिसांना काहीच नाही. म्हणून ऑनलाइन मदतीला नाक मुरडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी म्हणतो, तुम्ही तुलना चुकीची करता आहात. या सदतीस जणांसाठी ऑनलाइन मीटिंगला पर्याय म्हणून एखादे चांगले व्यसनमुक्ती केंद्र उभे नसते. पर्याय असतो तो काहीच न करण्याचा.

मीटिंगा खरोखर काम करतात का, अशी शंका असणाऱ्यांसाठी: २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला गेला. एएशी जोडून देणाऱ्या उपचारात वर्षाअखेर पूर्ण बंद ठेवणारे ४२ टक्के होते, इतर मान्य उपचारांत ३५ टक्के. यातले जवळपास सगळे अभ्यास समोरासमोरच्या मीटिंगांचे आहेत. म्हणून माझा सल्ला असतो की ऑनलाइन सुरुवात करा, पण महिन्यातून दोनदा तरी रविवारी प्रत्यक्ष मीटिंगला जा. चहाच्या वेळी जे बोलणे होते ते झूमवर होत नाही. कॅमेऱ्यासमोर प्यायलेला माणूस ओळखू येत नाही, शेजारी बसलेला लगेच येतो.

मला न आवडणारी एक गोष्ट म्हणजे अ‍ॅपमधला दिवस मोजणारा काटा. सत्तेचाळीस दिवस झाले, माणूस खूश. अठ्ठेचाळिसाव्या दिवशी भावाच्या हळदीत दोन पेग झाले आणि काटा शून्यावर. आता शून्यच झाले तर आजचा दिवस पूर्ण करू, असा विचार करून तो खंबा उघडतो. असे करू नका. ते सत्तेचाळीस दिवस लिव्हरला मिळाले आहेत, झोपेला मिळाले आहेत, पोरांना मिळाले आहेत. ते कुणी काढून घेतलेले नाहीत. दोन पेगांवर थांबून त्याच रात्री कुणाला तरी फोन केला तर नुकसान दोन पेगांचेच होते. वहीत महिन्यातले न प्यायलेले दिवस लिहा. मागच्या महिन्यात २६, या महिन्यात २९, हा हिशेब जास्त खरा आहे. एएमधले जुने लोक माझ्याशी इथे सहमत होणार नाहीत, ते नव्याने पहिला दिवस मोजायला सांगतात. त्यांच्याकडे आधाराला माणसे असतात, म्हणून त्यांना ते पेलते. अ‍ॅपमध्ये एकटा असलेल्याला पेलत नाही.

ज्या मोबाइलवर मीटिंग असते त्याच मोबाइलवर वाइन शॉपचा नंबरही असतो. करोनाच्या काळात घरपोच दारू सुरू झाली, तेव्हापासून घराबाहेर न पडण्याचा उपाय दुबळा झाला आहे. मीटिंगची लिंक सेव्ह करण्याआधी तो नंबर आणि 'बसायचं का?' हा शुक्रवारचा ग्रुप, दोन्ही काढून टाका. तलफ लाटेसारखी येते आणि साधारण पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ फोनमध्ये काय सापडते यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आता ज्याचा मला खरोखर राग येतो त्याबद्दल. "नवऱ्याला न सांगता दारू सोडवा." पूर्वी लोकलच्या डब्यात चिकटवलेली ही जाहिरात आता व्हिडिओ होऊन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. पैसे भरा, पुडी घरपोच, भाजीत मिसळा. त्या पुडीत काय आहे ते पाकिटावर लिहिलेले नसते. काही घरांत तर डायसल्फिराम ही गोळीच कुटून डाळीत घातली जाते. हे औषध खरे आहे, तज्ज्ञ ते वापरतात, पण रुग्णाला सांगून आणि त्याच्या तपासण्या करून. हे पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस यात जाऊ शकतो. आपल्या पोटात ते आहे हे त्याला माहीतच नसेल तर तो पिणार हे ठरलेलेच. ताई, तुमची तगमग मला कळते. पण हे करू नका. नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकॅम्प्रोसेट अशी तलफ कमी करणारी औषधेही आहेत. त्यातल्या पहिल्यासाठी लिव्हरची आणि दुसऱ्यासाठी किडनीची तपासणी आधी करावी लागते, आणि ती त्याने स्वतःहून, माहीत असताना घ्यायची असतात.

नवरा तयारच नसेल तर काय, हा पुढचा प्रश्न असतो. माझे उत्तर असे की मग तुम्ही सुरुवात करा. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हे गट १९५१ पासून आहेत, त्यांच्याही ऑनलाइन मीटिंग होतात. मुक्तांगणचा 'सहचरी' हा पत्नींचा गट आहे. दुपारी तीनला, घर रिकामे असताना, एक तास. तिथे नवऱ्याची दारू कशी सोडवावी ते शिकवत नाहीत. त्याने न भरलेले हप्ते भरायचे की नाही, ऑफिसात "त्यांना ताप आहे" असा फोन करायचा की नाही, रात्री भांडायचे की सकाळी बोलायचे, असल्या गोष्टी बोलल्या जातात. मी पाहिले आहे की बायकोने खोटे फोन करणे थांबवले की काही महिन्यांत नवरा स्वतः दवाखान्यात येतो. नेहमी नाही, पण बरेचदा. घरात मारहाण होत असेल तर मात्र हा सल्ला तुमच्यासाठी नाही. तिथे आधी तुमची आणि मुलांची सुरक्षितता, बाकी सगळे नंतर.

गुप्ततेबद्दल दोन शब्द. अमेरिकेत दारू सोडवणाऱ्या दोन ऑनलाइन कंपन्यांना २०२३ मध्ये कबूल करावे लागले की त्यांनी एक लाखाहून अधिक रुग्णांची माहिती जाहिरात कंपन्यांपर्यंत जाऊ दिली. फुकटचे अ‍ॅप मोबाइलमधले संपर्क, फोटो आणि लोकेशन मागत असेल तर देऊ नका. आधार क्रमांक तर नाहीच. एएच्या मीटिंगला फी नसते, नोंदणी नसते, आडनाव विचारत नाहीत. जिथे आगाऊ पूर्ण वर्षाचे पैसे मागतात किंवा शंभर टक्के खात्री देतात, तिथून निघा.

सुरुवात कुठून करायची तेच कळत नसेल तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक आहे. मन फार खचले असेल, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील तर १४४१६, टेलि-मानस, चोवीस तास. तिथे मराठीतही बोलता येते.

पहिल्यांदा ऑनलाइन मीटिंगला बसणार असाल तर काही बारीकसारीक सूचना. ऑफिसचा लॅपटॉप वापरू नका, स्क्रीनवर कंपनीच्या नोंदीप्रमाणे तुमचे पूर्ण नाव झळकते. स्वतःच्या फोनवर आधीच नाव बदलून फक्त पहिले नाव किंवा एखादे अक्षर ठेवा. पाच मिनिटे आधी जा. तुमची पाळी आली तर "आज फक्त ऐकतो" एवढे म्हटले तरी चालते, कुणी आग्रह करत नाही. पहिली मीटिंग आवडली नाही तर दुसरा गट पाहा, तीन-चार गट पाहिल्याशिवाय "हे आपल्यासाठी नाही" असे ठरवू नका. संपल्यावर लगेच लाल बटण दाबू नका. दोन-चार जुने लोक मागे थांबतात, त्यांच्यातल्या एकाचा नंबर घ्या आणि दुसऱ्या दिवशी, तलफ नसताना, एकदा फोन करून ठेवा. म्हणजे ती येईल तेव्हा तो फोन अनोळखी माणसाला करावा लागणार नाही. आणि मीटिंग रात्री दहाची असेल तर आधी जेवून घ्या. रिकाम्या पोटी तलफ जास्त येते.